नऊ गुणांची बाई

फ्लॅग फुटबॉलच्या मिश्र सामन्यात पुरुषाने टचडाऊन केला तर संघाला सहा गुण मिळायचे, बाईने केला तर नऊ. पास बाईने टाकला आणि तो झेलून पुरुष शेवटच्या रेषेपलीकडे पोचला, तरी नऊच. एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला पास दिला की पुढचा पास देणारी किंवा घेणारी बाई असलीच पाहिजे. तोवर पुरुषांची आपापसातली देवाणघेवाण बंद. डाव जिथून सुरू होतो त्या रेषेपलीकडे चेंडू हातात घेऊन धावत सुटायला पुरुषांना मनाई, बायकांना मोकळीक. मैदानात आठ जण, चार पुरुष आणि चार बायका. बायका कमी पडल्या तर तेवढी जागा रिकामी ठेवून खेळायचं आणि फारच कमी पडल्या तर सामना न खेळता हरायचा.

२००९ च्या ऑगस्टमध्ये मी आयोवा स्टेट विद्यापीठात अन्नशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एम्स या गावी पोचले, तेव्हा यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. गाव कसलं, मक्याच्या आणि सोयाबीनच्या समुद्रात मधेच उभं राहिलेलं विद्यापीठ. बसमधून कुठल्याही दिशेला दहा मिनिटं गेलं की शेत लागायचं. त्या अर्थाने मला परकं वाटावं असं तिथे फार काही नव्हतं. पण संध्याकाळी पाच वाजता प्रयोगशाळेतून माणसं जी गायब व्हायची, ती कुठे जातात हे कळायला मला पहिलं सत्र निम्मं सरावं लागलं. माझ्या घरातली एक मुलगी रोज रात्री नऊच्या सुमारास पायमोजे शोधत फिरायची. तिनेच एका संगणकावरच्या यादीत माझं नाव घातलं.

ज्यांना खेळायचं आहे पण संघ नाही, अशांची ती यादी. त्यांना तिथे 'फ्री एजंट' म्हणतात. कुठला खेळ, कुठल्या वारी मोकळे, अनुभव किती, एवढंच विचारलेलं. अनुभवाच्या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं. तरी त्याच संध्याकाळी तीन-चार कप्तानांचे निरोप आले. माझ्या खेळाबद्दल एकानेही चौकशी केली नव्हती. मंगळवारी रात्री येशील का, एवढाच प्रश्न. मी लासलगावची, कांद्याच्या बाजाराच्या गावची. भाव अचानक का चढतो हे आमच्याकडे पोरासोरांनाही कळतं: आवक कमी. मिश्र संघांना बायका मिळत नव्हत्या आणि नियम असा की बायकांशिवाय सामना उभा राहत नाही. माझ्या अंगात काय आहे ते न बघता मला उचलण्यात आलं होतं आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

वाईट का वाटलं नाही, हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

शाळेत मी खो-खो खेळायचे. बऱ्यापैकी खेळायचे. निफाडला तालुक्याच्या स्पर्धांना आमचा मुलींचा संघ जायचा आणि एकदा जिल्ह्याला नाशिकपर्यंत पोचलो होतो. पाठलागात मी साधारण, पण पळताना मला बाद करणं जड जायचं. पाठलाग करणारीच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, तिच्या खांद्याकडे बघायचं, खांदा आधी बोलतो, असं आमचे सर सांगायचे. डावीकडे हूल द्यायची, गुडघ्यात वाकायचं आणि ती वळायच्या आत बसलेल्या दोघींच्या मधून उजवीकडे निसटायचं. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, तुम्हाला येते. खो-खोचं सगळं मर्म या एका अन्यायात आहे.

दहावीनंतर हे थांबलं. कोणी थांबवलं नाही. "आता पुरे झालं" असं घरात कोणी म्हटलं नाही, अण्णा तर सामने बघायला यायचे. अकरावी विज्ञान, सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. हाफ पँट जाऊन पंजाबी ड्रेस आला आणि मैदानावरून जायची वाट बदलून रस्त्याच्या कडेची झाली. आमच्या संघातल्या सगळ्याच मुलींचं असं झालं, म्हणून कोणाला काही हरवल्यासारखं वाटलं नाही. पुढे परभणीला अन्नतंत्र महाविद्यालयात गॅदरिंगच्या आधी चार दिवस खेळ असायचे. ते चार दिवस जिंकणाऱ्यांचे. बाकीच्या टाळ्या वाजवायला. आपल्याकडे खेळ हा 'निवड' होणाऱ्यांचा असतो. निवड झाली नाही तर माणूस प्रेक्षक होतो आणि पुढे जन्मभर प्रेक्षकच राहतो. गल्लीत टेनिस बॉलने खेळणारी मुलं याला अपवाद, पण तो अपवाद मुलांचा.

एम्सला मी पाहिलं ते याच्या उलट होतं. म्हणजे अमेरिकेत निवड नाही असं नाही, उलट तिच्यासारखी निर्दय निवड कुठे नसेल. विद्यापीठाच्या मुख्य फुटबॉल संघासाठी पन्नास हजारांवर माणसं मावतील असं जॅक ट्राइस स्टेडियम आहे आणि त्यात खेळणारी मुलं शिष्यवृत्त्या देऊन देशभरातून वेचून आणलेली असतात. सामन्याच्या शनिवारी गावात गाडी लावायला जागा सापडत नाही. पण त्या स्टेडियमशी ज्यांचा तिकिटापलीकडे संबंध येणार नाही, अशा हजारो विद्यार्थ्यांसाठी दुसरी एक समांतर व्यवस्था आहे. तिला इंट्राम्युरल म्हणतात, विद्यापीठाच्या चार भिंतींच्या आतले खेळ. मिशिगन आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांनी १९१३ साली त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमला, असा तिचा इतिहास सांगतात. मिशिगनने तर १९२८ साली या खेळांसाठी अख्खी इमारत बांधली.

या व्यवस्थेत मला सगळ्यात काय आवडलं असेल तर तिचं सगळ्यात खालचं दालन. संघ नोंदवताना आपण कुठल्या पातळीचे ते आपणच सांगायचं. वरच्या पातळीवर शाळेत गाजलेले, अजून खुमखुमी न गेलेले. खालच्या पातळीवर आमच्यासारखे. आणि खालच्या पातळीलाही वेळापत्रक, पंच, गुणफलक, बाद फेरी, सगळं वरच्यासारखंच. पंच म्हणजे तासावर पैसे घेणारे विद्यार्थी, पण काळे-पांढरे पट्टे घालून, शिट्टी गळ्यात अडकवून ते असे गंभीर असायचे की आपण काहीतरी मोलाचं करतो आहोत असं वाटावं. सामन्यानंतर पंच दोन्ही संघांना वागणुकीचे गुण देत. शिवीगाळ केली, वाद घातला, की गुण कमी. सरासरी घसरली तर जिंकूनही बाद फेरीत प्रवेश नाही. जिंकणाऱ्याला बक्षीस काय, तर एक टी-शर्ट. त्या टी-शर्टसाठी पीएचडीच्या शेवटच्या वर्षातली माणसं गुडघे फोडून घेताना मी पाहिली आहेत.

मंगळवारी रात्री साडेनऊचा सामना. इतक्या रात्री, कारण मैदानं कमी आणि संघ फार. ऑक्टोबरचा वारा बोचरा, वर मोठाले दिवे. पंचाने आधी सगळ्यांच्या पँटी तपासल्या. खिसे असलेली पँट चालत नाही, झेंडा ओढायला आलेल्याची बोटं खिशात अडकून मोडतात म्हणून. माझ्या नाशिकहून आणलेल्या ट्रॅक पँटला दोन्ही बाजूंना ऐसपैस खिसे होते. संघातल्या एकीने गाडीतून स्वतःची जास्तीची आणून दिली. शर्ट आत खोचायचा, कमरेला पट्टा, पट्ट्याला प्लास्टिकच्या लांब पट्ट्या लोंबत असतात, तेच झेंडे. अंगाला धक्का द्यायचा नाही, पाडायचं नाही, फक्त झेंडा ओढायचा. ओढला की खटकन पट्टा सुटतो आणि चेंडू तिथेच थांबतो. आणि आपला झेंडा आपल्या हाताने झाकायचा नाही, तो गुन्हा.

तो लंबगोल चेंडू मला झेलता येत नव्हता. तो हवेत फिरत येतो आणि हातात येता येता मत बदलतो. पहिल्या अर्ध्यात तो माझ्या छातीवर, खांद्यावर, एकदा कपाळावर आदळला. आमचा कप्तान स्थापत्य अभियांत्रिकीचा वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. तो म्हणाला, टाकत नाही, हातात देतो, तू फक्त पळ. आणि त्याने माझ्या पोटाशी चेंडू ठेवला.

समोर एक धिप्पाड मुलगा हात पसरून उभा होता. मी त्याच्या खांद्याकडे पाहिलं. पुढचं सगळं माझ्या पायांनी केलं, माझा त्यात फारसा हात नव्हता. डावीकडे हूल, गुडघ्यात वाकणं, उजवीकडे. त्याने ओढली ती हवा. त्याच्या मागे अजून एक जण होता, तो उंच म्हणून त्याला माझ्या कमरेपर्यंत वाकायला वेळ लागला. तिसरी मुलगी होती आणि ती चपळ होती, तिची बोटं माझ्या झेंड्याला लागलेली मला कळली. पण तोवर रेषा ओलांडली होती. मागून आमचे लोक "नाइन! नाइन!" म्हणून ओरडत होते. दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात मी शेवटची अशी पळाले होते. इतकी वर्षं हे कुठे ठेवलं होतं शरीराने, कोण जाणे.

त्या मोसमात आमच्या संघाचा डाव सोपा होता: अडलं की चेंडू त्या इंडियन मुलीच्या पोटाशी ठेवा. बाकीच्यांना वाटायचं मी कुठलंतरी प्राचीन भारतीय युद्धतंत्र शिकले आहे. मी खो-खो समजावून सांगायचा प्रयत्न केला. नऊ जणांतले आठ एकाआड एक विरुद्ध तोंड करून उकिडवे बसतात आणि नववा पळतो, इथपर्यंत ऐकून ते थांबायचे. "बसतात? खेळताना?" त्यांना तो ध्यानधारणेचा प्रकार वाटे.

माझ्या प्रयोगशाळेत एक आयोवाचीच मुलगी होती, शाळेत सॉकर गाजवलेली. मी नऊ गुणांची गोष्ट कौतुकाने सांगितली तर तिचा चेहरा कडू झाला. "म्हणजे मी पुरुषाच्या दीडपट दुबळी, म्हणून दीडपट गुण. मी तसलं खेळत नाही," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. ती ज्या देशात वाढली तिथे १९७२ साली शिक्षणसंस्थांमध्ये लिंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला, टायटल नाइन म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्या कायद्याने मुलींच्या खेळांचे पैसे, मैदानं, शिष्यवृत्त्या वाढल्या. ती त्या कायद्याची नात. तिला सवलत नको होती, तिला मैदान वारशाने मिळालं होतं.

पण मी मैदानाबाहेरून आले होते. नऊ गुणांचा अपमान वाटायला माणूस आधी मैदानात असावा लागतो. आणि मोसमभर पाहून माझं मत असं झालं की हा नियम बायकांना ओळखणाऱ्यापेक्षा पुरुषांना ओळखणाऱ्या कोणीतरी केला असावा. सक्ती नसती तर त्या चांगल्या स्वभावाच्या, सुशिक्षित, कोणाचं वाईट न चिंतणाऱ्या मुलांनी चेंडू आपापसातच फिरवला असता. मुद्दाम नाही, नकळत. व्हॉलीबॉलला तेच: मिश्र सामन्यात एका बाजूने चेंडूला एकाहून जास्त वेळा हात लावला, तर त्यातला एक तरी हात बाईचा हवा. हा नियम नसेल तेव्हा सरावात काय होतं ते मी बघत होते. चेंडू माझ्याकडे येताना मधेच एखादा लांब हात येऊन तो घेऊन जायचा आणि वर "सॉरी, सवय" म्हणायचा. पुढे अनेक विद्यापीठांनी हे नियम बदलले, स्त्री-पुरुष मोजणंच काढून टाकलं, असं ऐकते. माझ्या त्या मैत्रिणीला बरं वाटलं असेल. मला त्या जागी आत्ता कोण खेळतंय ते बघावंसं वाटतं.

आमच्या विभागाच्या कचेरीत कागदपत्रं बघणाऱ्या एक बाई होत्या, साठीच्या. माझ्या कोपराला खरचटलेलं बघून त्यांनी चौकशी केली आणि मग खुर्ची मागे सरकवून मला जे ऐकवलं ते मी कुठल्याही अभ्यासक्रमात शिकले नसते. आयोवाच्या शाळांमध्ये मुलींचं बास्केटबॉल सहा-सहा जणींचं असायचं. मैदानाचे मधोमध दोन भाग. एका भागात आपल्या तीन फॉरवर्ड, दुसऱ्यात तीन गार्ड. मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा. अख्खं मैदान धावणं मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही या समजुतीतून आलेले हे नियम. "मी गार्ड होते. शाळेत सगळी वर्षं खेळले आणि एकही बास्केट केली नाही," बाई म्हणाल्या, "कारण बास्केट मैदानाच्या दुसऱ्या बाजूला होती!" आणि खदखदून हसल्या.

पण त्या नियमांमुळेच म्हणा, त्यांच्या नाकावर टिच्चून म्हणा, आयोवातल्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांच्या मुली खेळल्या. १९२० पासून राज्याची स्पर्धा भरायची. डे मॉइनच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नसे, सामने दूरचित्रवाणीवर दिसत, गावंच्या गावं कुलूप लावून बघायला जात. युनियन-व्हिटन या इवल्याशा शाळेच्या डेनिस लाँगने १९६८ च्या स्पर्धेत एका सामन्यात १११ गुण केले. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघाने तिचं नाव आपल्या निवडीत घातलं आणि एनबीएच्या आयुक्तांनी ते रद्द केलं. हा सहाचा खेळ १९९३ पर्यंत चालला. मुली दुबळ्या आहेत असं गृहीत धरून बनवलेल्या खेळाला देशात मुलींच्या कुठल्याही खेळाला नसेल एवढी गर्दी, आणि तो बंद पडला तेव्हा म्हाताऱ्या बायका रडल्या, त्यात या बाईही होत्या. "पाच जणींचं बास्केटबॉल जास्त बरोबर आहे, मला कळतं," त्या म्हणाल्या, "पण आमचं आमचं होतं." माझ्या मैत्रिणीचं बरोबर की या बाईंचं, हे मी तेव्हाही ठरवलं नाही आणि आता तर ठरवायची गरजही वाटत नाही.

एम्समध्ये आपली मुलंही खेळायची, क्रिकेट. टेनिस बॉलला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळून, शनिवारी रिकाम्या पार्किंगमध्ये. हैदराबादी, पंजाबी, पुणेकर, ढाक्याचे, लाहोरचे सगळे एकत्र, भांडणं सगळ्यांची मिळून हिंदीत. मला तिथे प्रेमाने बोलावायचे. मी पोहे आणायचे आणि गुण लिहायचे. "बॅटिंग घे ना," असं कोणी म्हटलं नाही आणि मीही मागितली नाही. ज्या भाषेत मी भांडू शकत होते त्या भाषेत मी काठावर बसले होते आणि ज्या भाषेत 'थ्रो' की 'टॉस' याचा गोंधळ व्हायचा तिथे मैदानात होते. कोणाला दोष देत नाही. पण नऊ गुण कशासाठी लागतात, हे मला त्या पार्किंगमध्ये जास्त नीट कळलं.

आता थोडं कामाबद्दल, कारण खेळ त्याच्या फटींत बसवलेला होता. माझा विषय किरणांनी अन्न टिकवण्याचा. हे लासलगावच्या मुलीला चिकटणारच होतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ पासून आमच्या गावात आहे. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ते उभारलं आणि नाव झालं आंब्याने. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, ते किमान ४०० ग्रे मात्रेच्या विकिरणाच्या अटीवर, आणि ते पहिले हापूस लासलगावहून होऊन गेले. माझ्या प्राध्यापकांना लासलगाव माहीत होतं ते या आंब्यामुळे. कांद्याचा त्यांना पत्ताच नव्हता. आयोवा स्टेटकडे इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारं यंत्र होतं, तेही मांसाच्या प्रयोगशाळेत. माळकरी घरातली मी दिवसभर डुकराच्या मांसाचे काप मोजून पिशव्यांत भरायचे, झोताखालून आणायचे आणि त्यातले किती जंतू उरले ते मोजायचे. जंतू पेरलेल्या बशा चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांनी मोजाव्या लागतात, सामना आहे म्हणून त्या थांबत नाहीत. त्यामुळे कित्येकदा मी साडेनऊचा सामना खेळून, घामट अंगावर पांढरा कोट चढवून, साडेअकराला जंतूंच्या वसाहती मोजत बसलेली असायचे.

पीएचडीच्या माणसाचा दिवस सतत कोणाच्यातरी तपासणीत जातो. आकडे बरोबर आले का, लिहिलेलं पटतं का, पात्रता परीक्षा, समिती, दर आठवड्याची बैठक. मी तर घरून पैसे काढून, अण्णांनी जमिनीवर कर्ज उचलून गेलेली. माझी तपासणी लासलगावातही चालू होती. त्यात मंगळवारचा तो एक तास असा की मी वाईट खेळले तरी कुठेच नोंद होत नव्हती. संघातल्या कोणालाही माझा विषय काय, हे धड सांगता आलं नसतं. ते मला "मांसवाली" म्हणायचे. मी व्हॉलीबॉलला उत्तेजित झाले की "दे, दे, दे!" असं ओरडायचे, दुसऱ्या मोसमात सगळा संघ "दे, दे, दे!" ओरडू लागला. प्रतिस्पर्ध्यांना वाटे हा काहीतरी सांकेतिक डाव आहे.

हिवाळ्यात ब्रूमबॉल. शहराने आणि विद्यापीठाने मिळून बांधलेला बर्फाचा आखाडा आहे, तिथे रात्री अकराची वेळ मिळायची. बाहेर उणे अठरा. हॉकीसारखाच खेळ, पण पायांत स्केट नाहीत, साधे बूट, हातात झाडूच्या आकाराची काठी, डोक्यावर हेल्मेट. या खेळाइतका समतावादी खेळ मी पाहिला नाही. बर्फावर बुटांनी कोणालाच धावता येत नाही. मिनेसोटाचा जन्मापासून स्केटवर वाढलेला मुलगा, ब्राझीलचा, चीनची, लासलगावची, सगळे सारखेच आपटतात. चेंडू मैदानाच्या मधोमध एकटा पडलेला असतो आणि त्याच्या भोवती आठ-दहा पदव्युत्तर माणसं उताणी. इथे पुरुषांचं जास्तीचं बळ जास्त जोराने पडण्याच्याच कामाला यायचं.

आईला हे स्काइपवर दाखवायची चूक केली नाही, पण सुजलेला गुडघा तिला दिसलाच. "पाय मोडला तर कोण बघणारे तिथं तुला? शिकायला गेली का पडायला?" अण्णा मागून म्हणाले, "जिंकले का?" आम्ही हरलो होतो, आठ-एक. "एक कोणी केला?" त्यांनी विचारलं. तो मी केला नव्हता. पण अण्णांनी विचारलेलं मला पुरलं.

२०१४ मध्ये मी परत आले. आता कांद्याच्या निर्जलीकरणाच्या एका कारखान्यात गुणवत्ता बघते. गावाकडे आल्यावर लक्षात आलं ते असं की खेळ आमच्याकडेही वाढला आहे, फार वाढला आहे. गावोगाव टेनिस बॉलच्या 'प्रीमियर लीग' भरतात. मांडव, डीजे, संघांना मालक आणि खेळाडूंचा लिलाव. बाजार समितीत कांद्याचा पुकारा करावा तसाच माइकवरून पोरांचा पुकारा होतो आणि ज्याला बोली लागत नाही तो 'अनसोल्ड' म्हणून माइकवरच जाहीर होतो. मला तिथे पाहुणी म्हणून बोलावतात, पहिल्या रांगेत, हाराची खुर्ची. मी जाते, नारळ घेते. पण त्या अनसोल्ड पोराचं पुढे काय होतं ते विचारलं की आयोजकांना माझा प्रश्न समजत नाही. तो बघायला येतो ना, मॅडम.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही जिंकले; महिलांच्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे, महाराष्ट्राची. त्या आठवड्यात सगळ्यांच्या मोबाइलवर तेच. पालकसभेला गेले असता शाळेतल्या एक शिक्षिका म्हणाल्या, मीपण खेळायचे हो. औषधाच्या दुकानातली म्हणाली, मीपण. प्रत्येकीचा खो-खो दहावीलाच थांबलेला. मी म्हटलं, मग रविवारी या.

आल्या. पहिल्या रविवारी पुरेशा आल्या नाहीत, तेव्हा सोडायला आलेल्या दोन नवऱ्यांना बसवलं. एक बँकेत आहेत, त्यांना उकिडवं बसता येईना. शिक्षिकेचे गुडघे दुखतात. माझेही, ब्रूमबॉलची कृपा. खुर्चीवर काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांची हीच रड. एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या दोघी येतात, जावा-जावा आहेत. दिवसभर उकिडव्या बसून त्या गोल्टी वेगळी काढतात, जोड वेगळा, सडका वेगळा. त्यांना बसण्याचं काहीच वाटत नाही. खो मिळाला की आम्ही जमिनीला हात टेकून उठतो, त्या हात न लावता सुटतात. शाळेत त्या कधी खेळल्या नव्हत्या, एक तर चौथीनंतर शाळेतच गेली नव्हती. तिला पहिल्या दिवशी दिशा बदलायची नाही हा नियम पटेना. "समोर दिसतीये, मग मागं का नाही फिरायचं?" तिने विचारलं. कोणालाच उत्तर देता आलं नाही.

गुडघेवाल्यांनी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलं तरी चालेल, असं आम्ही ठरवलं आहे. पुस्तकातल्या नियमात हे बसत नाही. बँकवाल्यांचं म्हणणं, स्टुलावर बसणाऱ्याने बाद केल्याचा अर्धाच गुण द्यावा. त्यावर गेले दोन रविवार वाद चालू आहे. मार्च-एप्रिलात उन्हाळ कांद्याची आवक वाढली की खळी रविवारीही चालतात आणि त्या दोघी येत नाहीत. तेव्हा आमचा पाठलाग फार म्हणजे फारच मंद होतो.